शेवटच्या पानावरचं नाव

आई,

दादाने मला दुबईला बोलावलं आहे. महिनाभर ये म्हणतो. त्याची नोकरी आता थोडीच उरली आहे, मग तो तिकडचं घर आवरून परत येईल, त्याआधी मी एकदा बघून जावं असं त्याला वाटतं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असावी लागते, ती आहे. पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा फोटो लागतो, तो काढला. परतीचं तिकीट लागतं. आणि राहणार कुठे ते दाखवावं लागतं, एक तर हॉटेल, नाहीतर नातेवाईक. दादा फोनवर हसला. "सख्खी बहीण येतेय आणि हॉटेल कसलं दाखवतेस? मी बोलावतो तुला, माझ्या नावावर." नातेवाइकाने बोलावलं तर नातं सिद्ध करावं लागतं, हे त्याने दुसऱ्या फोनमध्ये सांगितलं.

ठाण्याला स्टेशनसमोर एका जिन्याखाली व्हिसाची कामं करणारा माणूस बसतो. त्याने आमच्या दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असतं आणि त्याखाली आईचं. त्याने तिथे पेनाचं टोक टेकवलं.

"ताई, सख्खे ना तुम्ही?"

"सख्खे."

"मग आया दोन कशा?"

मी दोन्ही झेरॉक्स माझ्याकडे ओढल्या. तो जरा ओशाळला. "सॉरी हां. मी नाय विचारत, तिकडचा ऑफिसर विचारणार. पेपरवर सावत्र दिसताय तुम्ही."

त्याला मी सांगितलं ते तुला माहीतच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दादा तुझ्या गावी जन्मला. जन्माची नोंद करायला आजोबा गेले आणि त्यांनी तुझं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात तुझं दुसरं नाव लिहिलं गेलं होतं, पण त्यांच्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. माझ्या वेळी तू कल्याणला, सासरी होतीस; डोंबिवलीचं घर नंतरचं. बाबांनी लग्नात स्वतः ठेवलेलं नाव लिहून दिलं. दादाचा पासपोर्ट त्याच्या दाखल्यावरून झाला, माझा माझ्या. त्याने तुझा व्हिसा काढला तेव्हा हे कसं निभावलं ते त्याला आठवत नाही. तेव्हा कंपनीचा माणूस सगळं बघायचा, एवढंच म्हणाला.

तुझा व्हिसा आला तो दिवस मला मात्र आठवतो. मी तुझ्याकडे बाळंतपणाला आलेली. सातवा संपत आला होता. दादाचा फोन शेजारच्यांकडे येतो, तू ओले हात पदराला पुसत जातेस आणि परत येतेस ती वेगळीच चालत. वहिनीलाही दिवस राहिलेले, तिला तिकडे कोणी नाही. मानपाड्याच्या औषध कंपनीत तू बाटल्यांवर लेबलं लावायचीस. शाळेत असताना मला गोवर आला तेव्हा तुला रजा मिळाली नव्हती, शेजारच्या काकू माझ्याजवळ बसल्या होत्या. दुबईसाठी तू तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितलीस आणि ती मिळाली. म्हणजे मागता येत होती.

"आणि माझं?" मी विचारलं.

तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबलं नाही. "तुझी सासू आहे ना कळव्याला? माया करते तुझ्यावर. त्या पोरीला तिथे पाणी द्यायला माणूस नाही. एवढी शिकलीस, रडतेस काय?"

तुझं खरं होतं. इतक्या वर्षांत मला त्यात चूक सापडलेली नाही, आणि म्हणूनच ते जात नाही.

मग तू डिंकाचे लाडू केलेस, दोघींसाठी. सगळं घर तुपाच्या आणि भाजलेल्या खारकेच्या पुडीच्या वासाने भरून गेलेलं. कोणीतरी तुला सांगितलं होतं की त्या देशात खसखस नेता येत नाही, सापडली तर विमानतळावरच धरतात. तू घाबरलीस. परात दोनदा धुतलीस, कपाटातले डबे पुसलेस, बॅगेत चुकून एखादा दाणा जाईल म्हणून पदरसुद्धा झटकलास. आधी त्यांचे लाडू वळलेस, बिनखसखशीचे. आणलेली सगळी खसखस मग माझ्या लाडवांत घातलीस. "तुझ्यात भरपूर आहे बघ," असं म्हणून डबा हातात दिलास. माझी बाळंतिणीची खोली कळव्याला होती. सासूबाई रोज एक लाडू बशीतून आणून द्यायच्या, प्रेमाने द्यायच्या. खसखस दातांखाली कचकचायची. मला वाटायचं, तिकडे जे चालत नाही ते सगळं माझ्या डब्यात आलं आहे.

तू परत आलीस, माझ्या मुलीला मांडीवर घेतलंस, तिला सोन्याचे मणी घातलेस. वहिनीच्या मुलालाही तसेच घातले होतेस, हे तू आपणहून सांगितलंस. कमीजास्त तू कधी केलं नाहीस. मी मोजत होते, तू नव्हतीस.

परवा दादा फोनवर सहज म्हणाला, "आई संध्याकाळी खाडीकडे फिरायला यायची ना माझ्यासोबत, चपला हातात घ्यायची. आइस्क्रीम खायची चालता चालता. आणि गायची काय! तुला माहितीये ना ती गावची गाणी?"

"हो, माहितीये," मी म्हणाले.

मला माहीत नाही. डोंबिवलीत तू रस्त्यात उभं राहून कधी काही खाल्लं नाहीस. मी भेळेच्या गाडीपाशी रेंगाळले तर म्हणायचीस, "घर आहे ना आपल्याला?" गाणं मी तुझ्या तोंडून ऐकलं नाही, आरतीसुद्धा तू पुटपुटायचीस. फोन ठेवल्यावर मी दोन्ही झेरॉक्स पुन्हा काढून पाहिल्या. त्याच्या पानावर आजोबांची मुलगी आहे, चपला हातात घेणारी. माझ्या पानावर बाबांची बायको. जिन्याखालचा माणूस चुकीचं बोलला नव्हता.

त्यानेच उपाय सांगितला. "अ‍ॅफिडेव्हिट करा ताई. आई आता नाहीत, तर तुम्हीच. ही दोन्ही नावं एकाच बाईची, असं लिहायचं आणि सही ठोकायची. हाय काय, नाय काय." मी कल्याणला कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे गेले. त्यांनी स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करून घेतला आणि मला वाचून दाखवला. खाली 'मी शपथेवर सांगते', वगैरे. दोन्ही नावं एका ओळीत, मध्ये फक्त 'उर्फ'. मी तो शब्द बघत राहिले. तेवढ्यावर सही केली की दादाची आई माझीही होणार होती, पण माझी आईही त्याची होणार होती, आणि त्याच्याकडे आधीच एक होती.

"करा सही," नोटरी म्हणाले. "इथे, आणि इथे."

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

"अहो, मी वाचून दाखवलं की."

"न वाचता सही करायची नाही, असं आई सांगायची."

"बरोबर सांगायच्या," ते म्हणाले आणि तो कागद त्यांनी मला पाकिटात घालून दिला.

आता मी टुरिस्ट व्हिसावर जाते आहे. हॉटेलचं बुकिंग जोडलंय. त्यात नातं कोणी विचारत नाही. दादाला सांगितलं की पेपर वेळेत झाले नाहीत. तो हळहळला, म्हणाला, "जाऊ दे, तू ये फक्त. आणि डिंकाचे लाडू आण, आईसारखे. खसखस नको हां." आज सकाळी खारीक कुटली. त्याचे लाडू वळून झालेत, परात दोनदा धुतली. माझ्यापुरते दोन खसखस घालून केलेत, ते जाण्याआधी इथेच खाईन.

विमानतळावर तो घ्यायला येईल आणि मला खाडीकडे नेईल, तुझी जागा दाखवायला. मी जाईन. चपला हातात घेईन की नाही, ते ठाऊक नाही.

आई, चष्मा पर्समध्येच होता.