उजवं फूल

आबा, शिमगा सरल्यावर एका सकाळी मी आळीच्या टोकाच्या बहिरोबाला गेलो. गाढवांना वैरण टाकली, मुठेवर अंघोळ केली, येताना कण्हेरीची दोन फुलं खुडली आणि देवासमोर जाऊन बसलो, तुम्ही बसायचात तसाच, खांबाला टेकून. फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायची; उजवं आधी पडलं तर माणसाला घरात घ्यायचं, डावं पडलं तर हात जोडून परत पाठवायचं. तुम्ही गेल्यापासून मी कुणाचंही कापलेलं नाक देवाला कौल लावल्यावाचून नव्यानं बसवलेलं नाही. त्या दिवशी मात्र फुलं हातातच कोमेजत चालली, तरी ती देवाला लावायला हात उचलेना.

मी निघालो तेव्हाच घरी पडवीत एक बाई येऊन बसली होती, डोळ्यांपर्यंत पदर ओढून. शेजारी तिचा भाऊ, सासवडकडचा शेतकरी. नवऱ्यानं संशयावरून विळ्यानं नाक कापलेलं. भाऊ म्हणाला, "लोक म्हणत्यात, देवानंच शिक्षा दिली. आता तुम्हीच सांगा, विळा देवाच्या हातात हुता का तिच्या दादल्याच्या?" बाईच एवढं म्हणाली, "मामा, देखणं नको मला. माझं पोर मला बघून त्याच्या मामीच्या पाठीमागं लपतंय. तेवढं लपू नये, असं काहीतरी करा."

हे काम तुम्ही शिकवलंत तेव्हा मी पंतोजींच्या शाळेतून नुकताच सुटलो होतो. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण पंतोजींच्या घरी रांजण-घागरी पोचवून तुम्ही मला धूळपाटीपाशी बसवलंत. घरी आल्यावर मात्र दुसरी शाळा. आधी मेणाचं नाक करायचं, ते कपाळावर पसरून कडेनं रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये ती देठासारखी जोडलेली ठेवायची, आणि तशीच खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. नाकपुड्यांत कापसाच्या वाती, वरून काथाच्या लेपाची पट्टी. तुमचं बोलणं अजून कानात आहे, "देठ तोडायची घाई करायची न्हाई. कातडी आपण वळवली, पण देठातनं जे खाली उतरतंय ते आपलं न्हाई." पहिल्यांदा एका शिपायाचं नवं नाक बोटाखाली ऊन लागलं, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बहिरोबाच्या दिशेला हात जोडून उभे होतात.

तेव्हाचे म्हातारे गुरव देवळाच्या पायरीवरून टोमणा मारायचे, "काय हो कुंभारबुवा, ब्रह्मदेवाला कामं झेपेनात वाटतं? मडकी सोडून माणसं घडवायला लागलात!" तुम्ही डोक्यावरची मातीची पाटी खालीसुद्धा न ठेवता उत्तर द्यायचात, "घडवतोय तोच, अहो. मोडत्यात त्याचीच लेकरं. डागडुजीला तो कुठं येणार?" मला वाटायचं, देवाशी इतक्या मोकळेपणानं वागणारा माणूस आळीत दुसरा नाही. आपलं मडकं फुटलं तर आपण सांधत नाही, दुसरं करतो. देवाला माणसाचं तसं करता येत नाही, म्हणून सांधायला आपण. हेही तुमचंच.

पण आबा, त्या सकाळी मला आठवत होती ती दुसरी बाई. माझं लग्न नुकतंच झालेलं. मी काथ खलत बसलोय, आणि एक म्हातारी आपल्या लेकीला घेऊन दारात उभी आहे. लेकीच्या तोंडावर असाच पदर. नवरा बड्या सरदाराच्या पदरचा शिलेदार. त्याची दोन माणसं आडाशी येऊन नुसती उभी राहिली. मिशीला पीळ देत आपल्या दाराकडे बघत राहिली. तुम्ही मला घेऊन देवळात गेलात. त्याआधी एका गाडीवानासाठी कौल लावताना तुम्ही उजवं फूल देवाच्या खांद्याला नुसतं टेकवलं होतं, ते मी पाहिलं होतं. गरिबाचं काम व्हावं असं तुमच्या मनात होतं, मला त्याचं हसू आलं होतं. या वेळी तुम्ही उजवं फूल अंगठ्यानं दाबलंत. पाकळ्या चुरगळेपर्यंत दाबलंत. डावं पडलं. घरी येऊन तुम्ही म्हातारीला म्हणालात, "देवाची मर्जी." म्हातारीनं दारच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि लेकीला धरून गेली. आडाजवळची माणसंही गेली.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. चाकावर माती चढवलीत आणि तशीच उतरवलीत. आईनं विचारलं तर म्हणालात, "माती बरोबर न्हाई आज." मी तुम्हाला दोष देत नाही. घरात माझी कोवळी बायको होती, धाकट्या बहिणी होत्या. शिलेदाराची तलवार कुंभाराच्या घरात शिरली असती तर कोणत्या चावडीवर दाद मागायची होती? भीती वाटणं यात काय पाप? मला सलत आलं ते एवढंच, की भीती आपली होती आणि नाव त्याचं घेतलं. माणसानं नाक घडवलं तर तो देव होऊ पाहतो म्हणतात. मला वाटतं, त्या दिवशी आपण नाक न घडवता देव झालो होतो.

म्हणून या सकाळी मी फुलं खांद्यांना लावलीच नाहीत. दोन्ही बहिरोबाच्या पायांशी ठेवली आणि मनात म्हणालो, "आज विचारत नाही. हात तू दिलेस. चुकले तर माझे." बाहेर पडताना पायरीवर आताचे गुरव, म्हाताऱ्यांचा मुलगा, भेटले. बापाची जीभ उचललीय त्यांनी. "काय, आज काय म्हणतोय देव? का तोही पुणेरी झाला, बोलतच नाही?"

मी म्हणालो, "कौल उजवा पडला."

घरी येऊन मेण ऊन करायला ठेवलं. बाईनं अफूची गोळी गिळली, भावाचा हात धरला, आणि कपाळावर रेघ ओढताना हूं की चूं केलं नाही. रेघेच्या आतली कातडी सोडवली, देठावर वळवून नाकाच्या जागी बसवली. पुढं नुसती वाट पाहायची होती, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. रोज बोट ठेवून बघायचो. एक दिवस ऊन लागलं. मी बाहेर जाऊन गाढवांपाशी उभा राहिलो. आत कोणासमोर रडायचं?

देठ मी काल कापला. आज भाऊ तिच्या पोराला घेऊन आला. पोर आधी लांबूनच बघत राहिलं. तेवढ्यात बाईला शिंक आली, चांगली मोठी, आणि पोर हसलं. मग जवळ आलं आणि तिच्या नाकाला बोट लावून बघितलं. नाक थोडं रुंद झालंय, आबा. तुमचं सरळ यायचं. ती दोघं भावाच्या बैलगाडीतून आत्ताच गेली.

हे लिहिलं तरी पाठवायचं कुठं, आणि तुम्हाला वाचून कोण दाखवणार? पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. गुरवांना, आळीला, तिच्या भावाला, सगळ्यांना मी कौल उजवा पडल्याचंच सांगितलं, तिला कुणी बोल लावू नये म्हणून. म्हणजे शेवटी देवाचं नाव मीही वापरलं, तुमच्यासारखंच. आणि कौल लावला नाही तो काही मोठ्या धीरानं नाही. डावं पडलं असतं तरी मी तिचं नाक केलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी बहिरोबासमोर कसं बसायचं, ते मला सुचलं नसतं.