ठोकळ्यांवर ठेवलेली जीप

४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ. हे सवयीने लिहिलं, मनापासून नाही.

जीपच्या पुढच्या चाकांच्या हबमधून तेल गळतं म्हणून गाडी मिस्त्रीकडे टाकली. महिना झाला, ठोकळ्यांवर उभी आहे. विचारलं की म्हणतो, सील आलं नाही, बेअरिंग आलं नाही, उद्या नक्की. काल त्याच्या बायकोने चहा देता देता सांगून टाकलं, की तुमच्या भावाचाच फोन होता, गाडी उघडून ठेव पण जोडू नकोस म्हणाले. मिस्त्री मान खाली घालून पाना पुसत बसला.

परवा ओढ्यापलीकडे एक गाय अडली. तिथे जीपशिवाय दुसरं काही जात नाही. औषधांची पेटी घेऊन चालत गेले. पोचले तोवर वासरू पोटातच गेलं होतं. गाय कशीबशी वाचवली. मालकाने हात धुवायला गरम पाणी दिलं आणि पाठ फिरवून गाईपाशी जाऊन बसला. इतकी वर्षं गुरांची डॉक्टर म्हणून काढली, असं तोंड लपवून कधी परतले नव्हते.

तुला कोणी विचारलं होतं रे?

अजून तरी तुझी,
ताई

९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो, मीच सांगितलं. मिस्त्रीला झाडू नकोस, मीच त्याच्या मागे लागलो होतो.

मागच्या खेपेला उतारावर तू ब्रेक दाबलास आणि गाडी थेट दरीकडे ओढली गेली. मागे माझी मुलगी बसली होती. तू हसून म्हणालीस, म्हातारी आहे, लाड करून घेते. घरी येऊन पाहिलं तर हबमधलं तेल ब्रेकच्या ड्रममधून ठिबकत होतं. तुला दाखवलं. तू मला हात पुसायला फडकं दिलंस आणि विषय बदललास.

वासराचं वाईट वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हाच फोन करीन. जीपमध्ये माझा अर्धा वाटा आहे, कधी मागितला नाही. आता मागतो. माझं अर्धं उभंच राहू दे.

रागावलीस तरी पत्र पाठव.
धाकटा

२१ जुलै

अर्ध्या जीपच्या मालकास,
आ.

तुझं अर्धंही आता धावतंय. मिस्त्रीला समोर बसवून दोन्ही चाकं उघडली. सील बसायची जागाच झिजून खाच पडली होती, नवं सील टिकलंच नसतं. दोन्ही हब बदलले. ब्रेकचे लायनर तेलाने लिबलिबीत झाले होते, तेही फेकले. तुझं म्हणणं खरं होतं. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा काय ते एकदाच वाचून घे.

पण तू चाव्या काढून घेतल्या असत्यास, दारात आडवा पडला असतास, तर मी त्या गाईसाठी वेळेत दुसऱ्या डॉक्टरला पाठवलं असतं. तू मला आज-उद्यावर झुलवलंस. त्याच भरवशावर मी गाईच्या मालकाला येते म्हणून निरोप धाडला होता. हे सगळं त्याला सांगून आले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, यापुढे आम्ही दुसऱ्या डॉक्टरलाच बोलावू.

पोरीला सुटीत पाठव. तुला यायचं तर तूही ये. स्टँडवर गाडी आणीन. त्या उतारावर तूच चालव, हवा तितका ब्रेक दाबून बघ. मी शेजारी बसेन. बोलणार मात्र नाही.

लोभ आहे, सध्या बाहेर काढत नाही.
ताई