मयुरेशच्या ताटातले तांदूळ आणि कुरोइवा-सान

ती. वन्सं यांना,

डार्मश्टाटहून साधनाचा वाकून नमस्कार (सध्याच्या कंबरेला जमेल तितकाच वाकून). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरातच मुक्कामाला आहे? इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत. वजन वाढलंय, पण ते इथल्या पावाने, माझ्या हातच्या जेवणाने नव्हे, तेव्हा मला बोल लावू नये.

परवा फोनवर तुम्ही एक काम सोपवलंत. मयुरेशच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नातसुनेचं जे नवं नाव लिहायचं, ते सुचवायचं. म वरून असेल तर उत्तम, आणि सुटसुटीत हवं, कारण निशिगंधा म्हणून हाक मारेपर्यंत दूध उतू जातं. मुलगी यावर काही बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही, असंही म्हणालात. मी हो म्हटलं. (फोनवर तुमच्यापुढे हो खेरीज दुसरं काही बसवायला जागाच मिळत नाही, म्हणून तर हे पत्र.) नावाचा विचार मी मनापासून करतेय. पण मधे इथे जे घडलं ते सांगितल्याशिवाय नाव सुचवणं बरं नव्हे. तेव्हा चष्मा पुसा आणि चहाचं आधण ठेवा.

सुरुवात आपल्या स्पृहापासून झाली. कबीरची लेक आता पंधराची झाली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चाललंय. (तनया म्हणते, आई, तुम्हाला तिचं कळतं तरी का? न कळण्यावरच तर घरं टिकतात, पण सुनेला हे आत्ताच कशाला सांगा.) ही पोरगी सारखी ॲनिमे बघते. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, पण कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही. एकदा मी सहज विचारलं, काय बघतेस गं, तर म्हणाली, आजी, हे मुलांचं नाही, मोठ्यांचं आहे. मोठ्यांचं! आणि बघणारी पंधरा वर्षांची! मी ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, कबीरला सांगण्याआधी आपण स्वतः बघून खात्री करू. आयुष्यभर ऑडिटमध्ये काढलेला माणूस, ऐकीव माहितीवर शेरा मारत नाही.

सकाळी घर रिकामं झाल्यावर आम्ही दोघांनी दाराला कडी घातली, पडदे ओढले (समोरच्या जर्मन आजी खिडकीत उशी ठेवून दिवसभर बसतात) आणि ते लावलं. वन्सं, काय सांगू तुम्हाला. एका बंदराच्या गावात टॅक्सच्या कचेरीत कुरोइवा नावाचे एक कारकून. पन्नाशीला टेकलेले, पित्ताचा त्रास. ते दुपारच्या सुट्टीत एक संत्रं सोलतात. अख्खा भाग संत्रंच सोलतात. शेवटी अर्धं संत्रं शेजारी छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंना देतात, त्या मान लववतात, संपलं. हे म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. मग आम्ही पुढचा भाग लावला.

तेव्हा कळलं मोठ्यांचं म्हणजे काय ते. यातल्या माणसांचे गुडघे दुखतात. आपल्या सीरियलमध्ये सासू पायरीवरून घसरली की पाच दिवस घसरतच असते. इथे कुणी घसरलं तर उठतं, चिखल झटकतं आणि कामाला जातं. चित्रातली माणसं असून इतकी खरी कशी वाटतात कोण जाणे. खाली अक्षरं जर्मनमध्ये येतात, त्यामुळे माझं जर्मनही सुधारलं. परवा बेकरीत पाव घेताना मी ‘आपले उपकार जन्मभर विसरणार नाही’ असं शुद्ध जर्मनमध्ये म्हणाले. बाईंनी एक ब्रेत्झेल (गाठ मारलेला खारा पाव) जास्तीचा दिला.

आता नावांचं. जपानी माणूस आडनाव आधी सांगतो, नाव मागून. मधे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव बसवायची पद्धतच नाही. एकमेकांना हाक मारायची ती आडनावाला सान लावून. आपल्या राव, ताई, साहेब, बाई सगळ्यांचं काम तो एकटा सान करतो. फक्त स्वतःला तो लावायचा नाही, ते फुशारकीचं दिसतं. (ह्यांनी पहिल्या दिवशी आरशासमोर गोंधळेकर-सान म्हणून बघितलंच.) आणि जे पाळण्यातलं नाव, ते आई-बाप आणि अगदी जिवाभावाच्या माणसांसाठी राखून ठेवलेलं. कुरोइवा-सान आणि हायामी-सान, म्हणजे त्या छत्रीवाल्या बाई, अकरा भाग एकमेकांना सान सान करत राहतात. बाराव्यात पाऊस पडत असतो, आणि ते पहिल्यांदा त्यांना ‘चिझुरु’ म्हणतात. बस्स. हात धरला नाही, काही नाही. मी पदराने डोळे पुसले आणि हे वर्तमानपत्रामागे गेले. पेपर उलटा होता.

आणि वन्सं, त्यांच्याकडेही लग्नात बहुतेक बाईच आडनाव बदलते हो. पण नाव तिचं तिच्याकडेच राहतं. तांदळाचं ताट नाही. (तांदूळ खाणारे असून नाही, हे विशेष.)

आमच्या वरच्या मजल्यावर मोरिता म्हणून जपानी जोडपं राहतं. ते विद्यापीठात संशोधक, साठीच्या आसपासचे, मुलगा शिकायला बाहेरगावी. आता आम्हाला जपानातलं सगळं कळू लागलेलं, मग त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. अळू नाही म्हणून मँगोल्ड नावाच्या इथल्या पालेभाजीच्या अळूवड्या केल्या, श्रीखंड केलं. जेवण रंगलं, आणि तिथे माझ्या अंगात आलं. मनात म्हटलं, नावासाठी बारा भाग थांबणारी ही माणसं, ह्यांना आपला उखाणा किती आवडेल! मी श्रीखंडाचं भांडं मागे ओढलं आणि स्पृहाला म्हटलं, ह्यांना सांग, आमच्याकडे बायकोचं नाव घेतल्याशिवाय गोड मिळत नाही.

तिने सांगितलं. मोरिता-सान कानापर्यंत लाल झाले. चमचा खाली ठेवला. फ्राऊ मोरितांनी हळूच जर्मनमध्ये खुलासा केला, की मुलगा झाल्यापासून हे मला आई म्हणतात आणि मी ह्यांना बाबा म्हणते, नाव आता चष्म्यासारखं कुठेतरी ठेवलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कबीरने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो थेट तुमच्या माहेरचा. मी श्रीखंड वाढायला घेतलं, तेवढ्यात मोरिता-सान त्या भांड्याकडे बघत म्हणाले, ‘फुमिए.’ एवढंच. बाईंनी नॅपकिन तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग मोरिता-सानांनी मान लववून ह्यांच्याकडे हात केला, की आता आपण. वन्सं, तुमचे बंधू! ज्यांनी लग्नात तुम्ही लिहून दिलेला उखाणा तुळशीपुढे स्तोत्र म्हणावं तसा पुटपुटला, आणि त्यानंतर ‘अगं ऐकलंस का’ खेरीज मला हाक मारली नाही. मला वाटलं, आता पाणी मागतील. तर हे सरळ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘सुलेखा.’

साधना नव्हे, वन्सं. सुलेखा. माहेरचं. आई गेल्यापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. टेबलावर कुणालाच काही कळेना. स्पृहा म्हणाली, ‘वेअ इस्ट सुलेखा?’ म्हणजे, सुलेखा कोण? आपल्या नातीने असं विचारावं, आणि मला पटकन ‘मी’ म्हणता येऊ नये. नंतर भांडी पुसताना हे म्हणाले, लग्नपत्रिकेवर तुझं नाव वाचलं तेव्हाच मला आवडलं होतं, पण तांदूळ ताईने आधीच पसरले होते.

मी रागावलेली नाही. साधना हे नावही वाईट नाही, इतकी वर्षं अंगावर वागवलं, कुठे काचलं नाही. पण ते तुम्ही दिलेलं आहे, आणि दुसरं माझं होतं.

असो. भाऊजींना नमस्कार, मयुरेशला आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक भावजय,
साधना

(आज्ञाधारक इथपर्यंतच. खाली ता. क. आहेत.)

ता. क. : सोपवलेलं काम विसरले नाही. पुष्कळ विचार केला, जपानी, जर्मन, मराठी सगळी नावं चाळली. मयुरेशला शोभेल असं एकच सापडलं : निशिगंधा. योगायोगाने मुलीचं तेच आहे. तांदळांची खीर करा. आणि ती काही बोलली नाही म्हणता, तर मीही त्या दिवशी काही बोलले नव्हते.

ता. क. दुसरा : भांडी पुसून झाल्यावर ह्यांनी फडकं वाळत घातलं. मग म्हणाले, ताईचंही बदललं होतं. आजीचं नाव ठेवलेलं, पण सासरी म्हणाले, या नावाने घरात महाभारत होईल. गुरुजींनी नवं नाव वाचलं तेव्हा, कुणाला बोलावलं म्हणून, तुम्ही मागे वळून बघितलंत. हे तेव्हा अर्ध्या चड्डीत होते, खूप हसले होते. आता सांगताना हसले नाहीत. वन्सं, इतकी वर्षं मी तुमच्या पाया पडतेय आणि मला हे ठाऊक नव्हतं.

ता. क. शेवटचा : पाकिटावर मुद्दाम सौ. द्रौपदी असं लिहिलंय, ह्यांच्याच अक्षरात. अशी इथे कुणी राहत नाही म्हणून पोस्टमन परत नेईल, अशी ह्यांना धास्ती. पण पत्र तुम्ही वाचताय, म्हणजे दारात त्याला ‘मीच ती’ म्हणालात.

सुलेखा