साडूच्या डोळ्यांदेखत

१ मार्च १९९२
आजपासून सूड. दिवाळीत सासऱ्यांच्या पंगतीत साडू रंगनाथ म्हणाला होता, बन्सीधररावचं वेल्डिंग म्हणजे गोवऱ्या थापल्यावानी. सगळे हसले. मालनबाईही हसली. ती म्हणते ठसका लागला होता. लग्नाची बायको असून बहिणीच्या नवऱ्यासाठी ठसका. त्याचं वर्कशॉप माझ्या समोर, रस्त्यापलीकडं. सकाळी शटर वर केलं की तेच तोंड.

जुनं सीओटू वेल्डिंगचं मशीन घेतलं. नळीतून गॅस येतो, वितळल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. जोड गुळगुळीत. सेलूत दुसऱ्या कुणाकडं नाही. कापसाच्या जिनिंगच्या माणिकरावांना पाण्याची टाकी पाहिजे. चांगली झाली तर जिनिंगचं सगळं काम कायमचं माझं. बिघडली तर रंगनाथचं. पण बिघडणार नाही, म्हणजे माझंच.

५ मार्च
सिलिंडर आणायला औरंगाबाद. एजन्सीवाला म्हणे रेग्युलेटरला हीटर घ्या, गॅस सुटताना लय गार पडतो. मराठवाड्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर, हीटर. मला येडा समजला. घेतला नाही.
येताना एसटीच्या कंडक्टरनं सिलिंडर बघूनच बेल मारून गाडी सोडली. शेवटी सरकीच्या ट्रकमध्ये, पोत्यांच्या मधे बांधून.

६ मार्च
नाक्यावरून बैलगाडीत सिलिंडर घरी. मुद्दाम रंगनाथच्या दारावरून, हळूहळू. जळू दे.
शेजारची कडूबाई पळत आली. कोण सीरियस हाय म्हणे. दवाखान्यातला ऑक्सिजन समजली. रंगनाथ हातातलं काम टाकून आला, मालनताई बऱ्या हायत ना म्हणाला. मी करारी उत्तर शोधेपर्यंत त्यानं सिलिंडर उतरवून घेतला होता.
संध्याकाळी मेव्हणी, रंगनाथची बायको, आजाऱ्यासाठी पातळ खिचडी घेऊन आली. खाल्ली. सुडाला ताकद लागते.

९ मार्च
टाकी बाहेर, रस्त्याकडेलाच जोडणार. त्याच्या डोळ्यांदेखत. नाहीतर एवढा खर्च कशाला केला. मालनबाई म्हणाली, आत करा की, वारं सुटलंय, चूलसुदीक धरंना. चुलीचा आणि वेल्डिंगचा काय संबंध. बहिणीची बाजू घेते.

११ मार्च
वारं चालूच. जोडात बारीक बारीक छिद्रं. गॅस कमी पडत असणार. व्हॉल्व्ह आणखी सोडला. छिद्रं तेवढीच, पण रेग्युलेटरवर बर्फ जमला. लोक बघायला आले. रंगनाथनंही बोट लावून पाहिलं. लय गार हाय म्हणाला. मत्सर लपत नव्हता.
थोड्या वेळानं गॅस येणंच थांबलं. मालनबाईनं चहाचं आधण रेग्युलेटरवर ओतलं. चालू झाला. चहा नाही.
छिद्रांवर दोन हात रंग देऊ. रंगाखालचं कुणाला दिसतंय.

१४ मार्च
माणिकराव आले. टाकी भरली. चारी बाजूंनी पाणी. कडूबाई घागर घेऊन आली, नळापेक्षा बरं हाय म्हणाली.
माणिकराव म्हणाले, सोमवारपर्यंत बगा, न्हाईतर समोर देतो. आणि समोर पाहिलं. रंगनाथ तोंडावर रुमाल धरून उभा होता. ठसका.
सिलिंडर रिकामा.

१५ मार्च
सकाळी रंगनाथ स्वतःचं मशीन ओढत आला. विचारलंसुद्धा नाही. साध्या रॉडनं सगळी छिद्रं बुजवत बसला. मी बादलीनं पाणी ओतून गळती दाखवत होतो. देखरेख म्हणायला हरकत नाही.
गोवऱ्यांचा शब्द काढला नाही. मी दिवसभर वाट पाहिली. उत्तर पाठ होतं, वाया गेलं. माणिकरावांना म्हणाला, टाकी साडूनंच केली, मी नुसता हात लावला. काम मला मिळालं. एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. जाताना म्हणे, पुढच्या सिलिंडरला मी बी येतो, हीटर बगू. मी मान हलवली, पण हो म्हणालो नाही.
तो गेल्यावर त्याचे जोड नीट पाहिले. खरबरीत, फुगीर. अगदी गोवऱ्या थापल्यावानी. दिवाळीच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, हेच बोलायचं म्हणून टाकीवरून हात फिरवला.
एक थेंब गळत नाही.