निवडुंगाने अडवलेली गाडी

प्रिय तेओफिलोदादा आणि हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या नाचावहिनी,

बिनचालकाच्या गाड्या रोज ज्यांच्या दारावरून जातात आणि ज्यांना त्यांच्याबद्दल कुणी काही सांगत नाही, अशा आपल्या सगळ्यांना नमस्कार! दादा, गुडघा काय म्हणतो? (वहिनी, तो बरा आहे म्हणेल, जिना चढायला लावून बघा.) मी ठणठणीत. फक्त दोन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, ते सलतंय.

म्हणून आता ऐकच. दर नाताळात इथे अंगणातल्या निवडुंगाला लाल टोपी घालतात, तशी रामिरोनेही कोपऱ्यावरच्या आमच्या माणसाहून उंच निवडुंगाला घातली. एवढ्यावर थांबला तर तो माझा नवरा कसला! अंधारात कुणी धडकू नये म्हणून त्याने वर रस्ताकामगारांचं चमकणारं नारिंगी जाकीट चढवलं. निवडुंगाची एक फांदी हातासारखी जन्मापासून वर. झालं! भर दुपारी बिनचालकाची गाडी आली, तो हात पाहिला आणि अदबीने थांबली. चाळीस मिनिटं. मागे अकरा गाड्यांचे भोंगे, आणि समोरची ओतिलिया खिडकीतून ओरडतेय, "अगं एदुविखेस, तुझ्या त्या हवालदाराला सांग की, जाऊ दे म्हणावं!" रामिरोला भलतंच कौतुक. "तीस वर्षांत या घरात माझं कुणी ऐकलं नाही. याचं बघा!" शेवटी शिडी लावून जाकीट उतरवलं, तेव्हा गाडी हलली.

मी गाडीच्या कंपनीला कारण विचारलं. सात पानी अहवाल आला, सगळा काळ्या पट्ट्यांनी झाकलेला. वाचता येत होते दोनच शब्द: 'जनतेचा विश्वास'. मग मी नगरपरिषदेत दोन मिनिटांचं भाषण नऊ मिनिटं केलं. (माईक बंद केला त्यांनी, माझा आवाज नाही.) गल्लीवाले उठून "गाड्या बंद करा" म्हणू लागले आणि तुला वाटलं, दृष्टी गेल्यावर ज्या गाडीने तू एकटा गायनाला जातोस, ती बहीणच हिसकावतेय.

नाही रे! थांबली म्हणून ती मला आवडलीच. हात वर दिसला की थांबावं, हे तुला दिसत होतं तेव्हाही जमलं नाही. पण ती का थांबली आणि उद्या कुठे थांबणार नाही, हे तिच्यात बसणाऱ्या माझ्या भावाला कळायला नको? तुला दिसत नाही, म्हणून आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी?

तुझीच,
एदुविखेस

ता.क. गाड्या ठेवायच्या की नाहीत, यावर मंगळवारी नगरपरिषदेत मतदान आहे. तुझ्यासाठी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमालेस झाकून ठेवीन.

आणखी एक. रामिरोचा ट्रक बंद पडलाय. येताना त्याच गाडीने ये आणि वाटेत मला घे. (गेले तीन गुरुवार मी तिनेच बाजाराला जातेय. ओतिलियाला कळता कामा नये.) संध्याकाळी सहाला माझ्या शेजारी माईकसमोर उभा राहा आणि एवढंच माग: त्या सात पानांवरच्या काळ्या पट्ट्या काढा.