चोखणीचं उरलेलं टोक

आई,

पिल्लूला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातेय. तुमचा फोन इथे टेबलावरच वाजला, म्हणून लिहितेय.

चोखणी सुटावी म्हणून काल मी तिचं टोक कात्रीने जरासं कापलं, तुम्हाला न विचारता. आत्ता पाहिलं तर उरलेलं टोकही गायब आहे आणि पिल्लू सारखं खोकतंय. पाळणा, अंथरूण, सोफ्याखालची जागा, सगळं पालथं घातलं. तुकडा कुठेच नाही.

तुम्हीही ती चोखणी सोडवायच्या मागे लागला होतात. उरलेलं टोक तुम्ही कापलंत का? असेल तर आल्या आल्या फोन करा, मी एका शब्दाने बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय, माझ्या माघारी तुम्ही काहीतरी केलेलं असू दे.