सरपंच द्यायचा नाही

शिरूर,
ता. ८ ऑगस्ट १९९९

ती. पप्पांच्या सेवेशी,
प्रभूच्या नावाने सलाम वि. वि.

मांडीच्या हाडात घातलेला गज आता फारसा दुखत नाही, असं इमॅन्युएलदादाने कळवलं. वाचून जीव भांड्यात पडला. प्रतिभावहिनी तुम्हाला आळणी जेवायला घालते ही तुमची तक्रारही पोचली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ती घालते, तिच्यावर चिडू नका. दौंडला क्वार्टरमध्ये रेल्वेच्या आवाजाने झोप येत नाही म्हणता, पण इथे भुकेल्या डुकरांच्या कालव्यात तुम्ही बिनघोर घोरत होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

कळप सध्या तात्याबांच्या पडीक रानात बसवला आहे. तात्याबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मेंढरं बसवली आणि खताच्या बदल्यात धान्य घेतलं. आता स्वतःच्या रानात डुकरं बसवायची पाळी आली म्हणून ते रोज एकदा पोटभर हसतात. त्यांच्या अनसाबाई अजून नाकाला पदर लावूनच बांधावरून जातात. पण डुकरांनी लव्हाळ्याचे गड्डे उकरून खाल्ले आणि रान मोकळं झालं, तेव्हापासून त्यांची कुरकूर थांबली आहे.

वाईट बातमी म्हणजे दोन माद्या व्याल्या, पण एकीला पाचच आणि दुसरीला सहाच. त्यातली तीन पिल्लं उभीच राहिली नाहीत. आपला नर मादीवर चढला की मागच्या पायांत कापतो आणि उतरून खाली बसतो. तो काही म्हातारा झालेला नाही. त्याचा बापही असाच ऐन उमेदीत बसला होता.

आता मुद्द्यावर येते. दरवर्षी तुम्ही सगळ्यांत चांगला नर उपकारस्तुतीच्या सणासाठी निवडता, तो लहानपणीच खच्ची करून चर्चसाठी पोसता, आणि दुसऱ्या नंबरचा आपल्या माद्यांसाठी ठेवता. यंदा पिल्लांची ही निवड करायच्या वेळी तुम्ही दवाखान्यात होता. मी उलटं केलं. पहिल्या नंबरचा ठेवला आणि बाकीचे बन्सीकडून खच्ची करून घेतले. सणाला त्यांतला एक देईन. सरपंच द्यायचा नाही. सरपंच हे त्याचं नाव, कारण तो पुढे चालतो, बाकी सगळे मागून जातात आणि काम कुणीच करत नाही.

रागवायचं तर पत्रातून रागवा, उठून उभे राहू नका. हाड जुळेपर्यंत तरी लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुमची,
जस्मिन

*

दौंड,
ता. १५ ऑगस्ट १९९९

चि. जस्मिन हिस,
एलियाचा सलाम व आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की मलाच नीट दिसत नाही.

तू तेव्हा सातवीत होतीस, तुला आठवत असेल. मर आली आणि बघता बघता अख्खा कळप गेला. एक गाभण मादी तेवढी उरली, तीही तापाने फणफणलेली. त्या रविवारी मी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून नवस केला, की ही वाचली तर दर उपकारस्तुतीला आमच्या कळपातला सगळ्यांत चांगला नर प्रभूचा. ती वाचली. आज शेडमध्ये जे काही आहे ते तिच्याच पोटचं आहे. तुझं बी. ए. तिच्यावर झालं, दादाचं लग्न तिच्यावर झालं.

सणाला लोक कणसं आणतात, भोपळे आणतात, कोंबड्या आणतात. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. पण सगळे थांबतात ते शेवटी एलियाचं डुक्कर येतं त्यासाठी. तुझी आई गेली त्या वर्षीही ते चुकलं नाही. आणि आता माझा पाय मोडला म्हणून माझा शब्दही मोडायचा, असं तू परस्पर ठरवलंस.

इतकी वर्षं दुसऱ्या नंबरावर आपलं भागलं, पुढेही भागेल. बन्सीला मी कार्ड टाकलं आहे. तो येऊन सरपंचाचं काम करून जाईल. उशीर झाला आहे, पण सणापर्यंत जखम भरते. तू आडवी येऊ नकोस. देवाला दुसऱ्या नंबरचं देणाऱ्या घरात मी जन्मलो नाही, आणि तसं घर मागे ठेवून जाणारही नाही.

पाय बरा आहे. जेवण आळणीच आहे. सांगितलेलं ऐकशील तर लोभ आहेच, नाही ऐकलंस तरी तो कुठे जाणार.

तुझा,
पप्पा

*

शिरूर,
ता. ५ सप्टेंबर १९९९

ती. पप्पांच्या सेवेशी,
सलाम वि. वि.

बन्सी आला होता. पिशवीत पातं, स्पिरिट, हळद, सगळी तयारी. म्हणाला की ताई, एलियाआबांचं कार्ड हाय, मला न्हाई म्हनता यायचं न्हाई. मी म्हटलं की नको म्हणूस, चहा पी. चहा होईपर्यंत मी सरपंचाच्या कुंपणात जाऊन चिखलात त्याच्या शेजारी बसले आणि बन्सीला आत बोलावलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरपंचाकडे पाहिलं, आणि त्याला एकदम आठवलं की शिक्रापूरला एकाची म्हैस बघायची हाय. चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

त्यानंतर चर्चचे सेक्रेटरी आले. म्हणाले की बापाचा नवस मोडायचा मुलीला अधिकार नाही, जनावर मंडळीचं आहे, सणाच्या सकाळी टेम्पो येईल. मी सांगितलं की टेम्पो जरूर पाठवा. त्यात दुसरं डुक्कर चढवीन, बाजरीची पोती चढवीन, आणि लिलावात माझीही बोली लावायची असेल तर मीही चढते. त्यांना ते आवडलं नाही. जाताना फाटक उघडंच टाकून गेले आणि संध्याकाळपर्यंत मी पिल्लं गोळा करत बसले.

पप्पा, तुम्ही भागलं म्हणता, पण भागलं नाही. जरा बघा. पहिल्या वर्षी पहिला नर चर्चला गेला, दुसरा आपण ठेवला. त्या दुसऱ्याच्या पोरांतला पहिला पुन्हा गेला, पुन्हा दुसरा ठेवला. इतकी वर्षं हेच. आपण कळपातलं चांगलं रक्त दरवर्षी उचलून लिलावात टाकतो आणि उरलेल्यावर माद्या लावतो. मग पिल्लं नऊची पाच झाली, तर देवाची मर्जी म्हणून गप्प बसतो. यात देवाची मर्जी नाही, आपली निवड आहे.

सरपंचाला मी देखणा म्हणून ठेवलेला नाही. तो उतारावरून चालतो तेव्हा मागचे पाय सरळ पडतात, खूर फाकत नाहीत. रानात हिंडून खाणाऱ्या कळपाला पायच हवेत. पोटाखाली दोन्हीकडे सात सात सड आहेत, सारख्या अंतरावर. नराला त्यांचा उपयोग नाही, पण त्याच्या लेकींना होणार आहे. त्याची आई आपल्या सगळ्या पिल्लांना वाढवते, एकही अंगाखाली घेत नाही. आणि हाक मारली की तो येतो, अंगावर येत नाही. तुमचा पाय आपल्या ज्या नराने मोडला त्याचं पोर मला पुन्हा नर म्हणून ठेवायचं नाही, एवढी एक गोष्ट तरी मला मिळू द्या. सरपंच त्याचा नाही. त्याची आई मी जानेवारीत, तुमचा पाय धड असताना, तुमच्याच परवानगीने सरकारी केंद्रावरच्या नराकडे नेली होती. तुम्ही विसरला असाल.

तात्याबांना हे सांगितलं तर ते म्हणाले की आमीबी बिरोबाच्या नावानं मेंढा सोडतो की, पर त्यो कळपातच ऱ्हातो, देवाचा म्हनून त्याला कुनी हात लावत न्हाई, आन् मेंढरं त्याच्यापास्नंच फळत्यात. पाळकसाहेबांच्या कानावर मी हे घातलेलं नाही. त्यांना घेरी आली असती.

तुम्ही नाही म्हणालात तरी सरपंच जाणार नाही. न्यायचाच असेल तर तुम्ही स्वतः या आणि तुमच्या हाताने दोरी बांधा. मी अडवणार नाही. पण दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

औषध वेळेवर घ्या. माझ्यावरची माया भांडणापासून वेगळी ठेवा.

तुमची,
जस्मिन

*

दौंड,
ता. १६ ऑक्टोबर १९९९

चि. जस्मिन हिस,
आशीर्वाद.

बन्सी चहावर फुटला हे ऐकलं. त्याला मी पाहून घेईन.

तू बोलावलंस, मी येतो. सणाच्या सकाळी दादा जीप करून मला आणणार आहे. काठीने चालता येतं. सरपंच खच्ची नाही तर नाही, मटणाला वास येईल तर येईल, नवस काही वासावर केला नव्हता. दोरी मीच बांधीन. तू शब्द दिला आहेस की अडवणार नाहीस, तो पाळ. निदान या घरात एकाने तरी शब्द पाळावा.

प्रेम आहे म्हणूनच इतका त्रास घेतो, हे लक्षात असू दे.

पप्पा

*

दौंड,
ता. २६ ऑक्टोबर १९९९

चि. जस्मिन हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दोरी घेऊन कुंपणाशी उभी होतीस. मी ती घेतली नाही आणि जीपमध्ये जाऊन बसलो. तू चर्चला आली नाहीस आणि दादाने मला तिथून परस्पर दौंडला आणलं. पुढचं तुला लोकांकडून तिखटमीठ लावून कळलं असेल, म्हणून माझ्याकडून ऐक.

पहिलं म्हणजे तू जिंकलीस असं समजू नकोस. सरपंचाला पाहून तर मी दोरी मागणारच होतो. असा नर मी नवसाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिला नव्हता. पण माझी सवय तुला माहीत आहे. पहिला निवडला की माझी नजर लगेच दुसरा शोधते, घरी ठेवायला. तशी ती फिरली, आणि तिथे दुसरा नव्हता. बाकीचे खच्ची होते ते सोड, नसते तरी त्यांतला एकही मी ठेवला नसता. कोपऱ्यात आपला थोरला नर बसूनच खात होता.

तेव्हा मला पहिल्या वर्षीचा नर आठवला. चार माणसांनी तो बैलगाडीत चढवला होता. गेल्या वर्षीचा चर्चच्या शिपायाने एकट्याने खांद्यावर टाकला आणि मी त्यालाही सगळ्यांत चांगला म्हणालो. खोटं नव्हतं ते, होता तोच चांगला. पण दरवर्षी देवाच्या पदरात पडत होतं ते थोडं थोडं हलकं होत चाललं होतं, आणि मी अभिमानाने देत होतो.

लिलावात माझं नाव पुकारलं. टेम्पोतून तुझं ते दुसरं डुक्कर उतरलं. सेक्रेटरी हसून म्हणाले की एलियाभाऊंच्या मुलीने यंदा हात आखडलेला दिसतो. मी काठी टेकून उठलो. म्हणालो की मुलीचं नाव मध्ये आणू नका. नवस मी केला होता, मोडला तोही मीच. चांगला नर माझ्या सांगण्यावरून घरी ठेवला आहे आणि पुढच्या वर्षीही राहणार आहे. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि मंडळीपुढे पश्चात्ताप करायला सांगितलं. मी म्हणालो की आकसत गेलेलं जनावर इतकी वर्षं दिलं त्याचा करतो, यंदा दिलं नाही त्याचा करणार नाही. तेव्हा माफी मागेपर्यंत माझं प्रभुभोजन बंद केलं आहे. दृढीकरण होऊन प्रभूची भाकर घ्यायला लागल्यापासून ते मी कधी चुकवलं नव्हतं. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण माफी मागणार नाही.

सरपंचाला वर्षाच्या आत फार राबवू नकोस. पहिल्यांदा थोरल्या मादीकडे सोडू नकोस, ती त्याला लोळवेल आणि मग तो मादीला भितो. लहानखुरी, शांत मादी दे. उन्हाळ्यात त्याला चिखल आणि सावली पाहिजे, उन्हात तापलेला नर कामाचा राहत नाही.

आता तुझ्यावर रुसायला कारण उरलेलं नाही, याचंच जरा वाईट वाटतं.

पप्पा

*

शिरूर,
ता. ७ नोव्हेंबर १९९९

ती. पप्पांच्या सेवेशी,
सलाम वि. वि.

आज दिवाळीचे फटाके चालू आहेत आणि डुकरं एका कोपऱ्यात ढीग करून बसली आहेत. सरपंच सगळ्यांच्या पाठीमागे लपला आहे, तेव्हा त्याच्या शौर्याबद्दल मी काही लिहीत नाही. अनसाबाईंनी करंज्या पाठवल्या. डबा कुंपणावरून दिला, पण पदर नाकाला नव्हता.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग मला फार राग आला. इतकी वर्षं आम्हाला खोटं बोलू नका म्हणून सांगितलंत आणि देवाच्या घरात उभं राहून स्वतःच खोटं बोललात. सरपंच तुमच्या सांगण्यावरून ठेवला म्हणे. तुमची तिन्ही पत्रं माझ्याकडे आहेत.

आज प्रभुभोजनाचा रविवार होता. मी गेले. सूचना वाचून झाल्यावर उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की माझे वडील खोटं बोलले. नर मी ठेवला, त्यांना न विचारता ठेवला, ते दोरी बांधायला आले तोवर ठेवला, आणि पुन्हा तेच करीन. कळपात सरपंचापेक्षा चांगला नर जन्मेल तेव्हा सरपंचाचा विचार करू, तोवर मंडळीने दुसऱ्या नंबरावर भागवावं, आम्ही इतकी वर्षं भागवलं. सेक्रेटरी खाली बघत राहिले. पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट आणलं, माझ्यापाशी थांबले आणि तसेच पुढे गेले. शेजारी म्हाताऱ्या कृपाबाई होत्या. त्यांनी आपल्या वाट्याचं खाल्लं आणि उपासना संपेपर्यंत माझा हात धरून बसल्या.

बाहेर पडताना मी पाळकसाहेबांना सांगितलं की पप्पांचं नाव प्रभुभोजनाच्या यादीत पुन्हा घाला. ते हो म्हणाले. तेव्हा पुढच्या महिन्यात या आणि भाकर घ्या. माझ्यासाठी मागे राहायचं नाही. नवस तुमचा होता, पप्पा. मोडलेला माझा आहे, आणि तो मी तुम्हालाही देणार नाही.

तुमचीच, आणि तुमच्यासारखीच,
जस्मिन